अर्थिंगचा धडा

“पुन्हा उघडा तो बोर्ड, मावशी.”

वेझीनं स्क्रूड्रायव्हर उचलला. वर्गातली तरणी पोरं खिदळली.

“सर, दिवा लागतोय की मावशींचा!”

“दिवा माकडही लावेल,” म्सिस्का सर गरजले. “अर्थिंग कुठाय? ही हिरवी वायर नुसती लोंबतेय. उद्या पत्र्यात करंट उतरला, तर हात लावणारा जागच्या जागी जाईल.”

म्झुझूच्या त्या प्रशिक्षण केंद्रात वायरमनचं काम शिकणारी, चाळिशी ओलांडलेली बाई एकटी वेझीच. सरोवराकाठच्या गावाहून ती रोज दोन तास मिनीबसनं यायची. तिच्या गावाजवळही असं केंद्र होतं. मग इथवर कशाला, असं सरांनी एकदा विचारलं.

“मला तुमच्याच हाताखाली शिकायचं होतं.”

सरांची छाती फुगली. पूर्वी ते गावोगाव वायरिंगची कंत्राटं घ्यायचे; तेव्हाही असं कुणी म्हणालं नव्हतं. त्या दिवसापासून ते तिच्यावर जास्तच मेहनत घेऊ लागले.

ती प्रश्नही नेमके विचारायची.

“अर्थिंगचा रॉड जमिनीत गाडलाच नाही, तर घरमालकाला कळतं, सर?”

“कसं कळणार? दिवे लागतात, पंखे फिरतात, गिऱ्हाईक खूश. म्हणून तर कामचुकार लोक तेवढंच गाळतात. खणायचा अर्धा दिवस वाचतो.”

“तुम्ही हे कधी शिकलात?”

“पहिल्याच वर्षी. हे ज्याला येत नाही, तो वायरमनच नव्हे.”

वेझीनं ते वहीत उतरवून घेतलं.

परीक्षेत ती पहिली आली. प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर सगळे मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि सुकी मासळी खायला बसले. सर आपलं ताट घेऊन मुद्दाम तिच्या शेजारी आले.

“मग, आता गावात दुकान टाकणार ना?”

“दुकान होतं, सर. नवरा थंड सोडा विकायचा. फ्रिज उघडायला गेला आणि तिथंच चिकटला.”

सरांचा घास हातातच राहिला. “अरेरे! कुठल्या गाढवानं केली होती वायरिंग?”

“तुम्ही, सर. बारा वर्षं झाली, तुम्हाला आठवणार नाही.” वेझीनं ताट बाजूला ठेवलं. तिचा आवाज जराही चढला नाही. “तुम्हाला येतच नसेल, तर माफ करायचं ठरवून आले होते.”