गुणी ठकी

“आई बाहेर जाऊन येते हं. लगेच येते,” असं सांगून ठकीची आई उठली आणि दाराकडे निघाली. ठकीने मान वर केली नाही. लाल ठोकळ्यावर निळा ठोकळा ठेवण्यात ती गढून गेली होती. सतरंजीवर तिच्याजवळ केंद्रातली ताई बसली होती. ताईने नुसतं डोळ्यांनी ‘जा’ म्हटलं.

दाराबाहेर दोन मिनिटं थांबायचं आणि परत आत जायचं, एवढंच काम. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या मनाची काळजी घेणारं ते केंद्र होतं. तिथे दर मंगळवारी हे असं चालायचं. आजची दहावी खेप. आई जावो, आई येवो, ठकीला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

बाकावर सासूबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

“झालं का तुमचं जा-ये?” त्या म्हणाल्या. “एवढ्याशा जिवाला कसलं आलंय मन? लोकांची पोरं घर डोक्यावर घेतात. आपलं पोर रडत नाही म्हणून आपण दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतोय. सुख दुखतंय, दुसरं काय!”

ठकीची आई दाराशी कान देऊन उभी राहिली. ठकी हे नाव सासूबाईंनीच ठेवलेलं. बसवली तिथे बसते, निजवली तिथे निजते, तोंडातून ब्र काढत नाही, अगदी लाकडी बाहुली, म्हणून ठकी. कौतुकाने ठेवलेलं नाव, पण ऐकलं की आईच्या अंगावर काटा यायचा.

बाळंतपणानंतर तिचंच मन ठिकाणावर राहिलं नव्हतं. कित्येक महिने ती रुग्णालयात होती आणि तेवढ्या काळात ठकी मावशीकडे, आत्याकडे, आजीकडे अशी तीन घरं फिरली. सगळ्यांनी नीट सांभाळलं, कुणाला बोल लावायला जागा नव्हती. ती बरी होऊन घरी आली आणि चौथ्या दिवशी कपाटाच्या दारात ठकीचं बोट चेमटलं. काळंनिळं झालं. ठकी बोटाकडे बघत राहिली, बस. “किती सोशिक गं!” सगळे म्हणाले. आईच्या मनात मात्र वेगळंच आलं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. या पोरीने तीन घरांत रडून पाहिलं असणार, आई काही आली नसणार, आणि एक दिवस तिने तो नादच सोडून दिला असणार.

दुसऱ्याच दिवशी तिने केंद्राचा पत्ता शोधून काढला होता. दहा खेपा कर, मग हे खूळ बंद, असं घरात ठरलं. मागच्या मंगळवारी ताई म्हणाली होती, “तुम्ही बाहेर गेलात ना, तेव्हा तिचा हात थांबला होता. क्षणभरच.” ती उड्या मारत घरी गेली आणि नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, “ठोकळे संपले असतील.”

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फिरला. आत सामसूम.

“पुढच्या मंगळवारीही मी येणार आहे,” ती म्हणाली.

“अगं, दहा ठरले होते ना?”

“हो, ठरले होते. आता अकरावा. मग बारावा. तुम्हाला त्रास होत असेल तर तुम्ही नका येऊ, आई. मी आणते तिला.”

सासूबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. एवढं लांबलचक बोलणं त्यांनी तिच्या तोंडून वर्षभरात ऐकलं नव्हतं.

आत ठोकळे कोसळल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मग एक बारीकसा, गंजल्यासारखा आवाज आला, तो चढत गेला आणि बघता बघता त्याचा टाहो झाला. समोरच्या खोलीतल्या कारकुनाने दारातून डोकं बाहेर काढलं. कुणाचं पोर रडतंय ते आईच्या चटकन लक्षातच आलं नाही. ठकीचं रडणं ऐकून तिला वर्ष उलटलं होतं.

“अगंबाई!” सासूबाई उभ्या राहिल्या. “ही आपली?”

दोन मिनिटं व्हायची होती. तिने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. दार हलकेच ढकललं तर ठकी तिथेच होती, रांगत उंबऱ्यापर्यंत आलेली, लालबुंद, नाक गळतंय, आणि तिच्यामागे गुडघ्यांवर टेकलेली ताई. आईला बघून ठकीने आणखी मोठा गळा काढला. आईने तिला उचलून घेतलं. निळा ठोकळा अजून ठकीच्या मुठीतच होता. तो तिने आईच्या खांद्यावर हाणला, एकदा, दोनदा. चांगलंच लागलं.

“आले गं,” ती म्हणाली. “आले मी. फार उशीर केला ना आईने?”

ठकीने तिसऱ्यांदा हाणला आणि मग तिच्या मानेत तोंड खुपसून ती हमसाहमशी रडू लागली.

सासूबाई पिशवीतून खुळखुळा काढून लगबगीने आत आल्या. “दे इकडे. आत्ता गप्प करते तिला.”

“नको, आई.” तिचे स्वतःचे डोळे वाहत होते, ते पुसायला हात मोकळा नव्हता. “रडू दे. माझ्यापाशी रडतेय ती.”

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. खुळखुळा वाजू नये म्हणून त्यांनी तो मुठीत घट्ट धरून ठेवला.