न घातलेलं पाणी

"शालनताई, मी तुमच्याशी खोटं बोललो," रिक्षातून बॅगा उतरवून घेतानाच शेजारचे गोडांबेकाका म्हणाले.

संक्रांतीनंतर शालनताई मुलीच्या बाळंतपणासाठी सिन्नरहून बडोद्याला गेल्या, तेव्हा परसातलं यारोचं झाड त्यांनी काकांवर सोपवलं होतं. या फुलझाडाचं बी त्यांनी मुद्दाम मागवलं होतं. दोन वर्षं लावलेली सगळी रोपं कुजली. तिसऱ्या खेपेला एकच जगलं होतं.

"पहिल्याच दिवशी तुम्ही दिलेली घराची किल्ली माझ्या हातून विहिरीत पडली. तिकडे तुमची बाळंतपणाची धावपळ, म्हणून सांगायचा धीर होईना. फोनवर रोज 'पाणी घातलं' म्हणत राहिलो. चाळीस दिवसांत थेंबही घातलेला नाही."

स्वतःजवळच्या किल्लीनं दार उघडून शालनताई तडक परसात गेल्या. मागोमाग काका, मान खाली घालून.

जास्वंद वाळून काटकी झाली होती. पण कोपऱ्यात, भेगाळलेल्या मातीत, यारो फुललं होतं. बारीक गुलाबी फुलांचे झुबके वाऱ्यावर डुलत होते.

शालनताई आधी बघतच राहिल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, मी सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी ओतायचे याला. म्हणजे मीच मारत होते की!"

काकांचा जीव भांड्यात पडला. जरा घुटमळून ते म्हणाले, "याचं एक रोप मला द्याल? माझ्या हाती जगलेलं हे पहिलंच झाड आहे."