दादासाठी चार महिने

"दारू एकदम सोडायची नाही," वहिनी फोनवर म्हणाल्या. "रोज थोडी कमी करत पंधरा दिवसांनी बंद. जेवणाचंही तसंच. उपाशी राहायचं नाही, पोटात जागा ठेवून उठायचं."

"मग मला दादाला यकृताचा तुकडा देता येईल?"

"चार महिने नीट राहिलात तर. मग तपासणी करू."

फोन ठेवून सुतार रंध्याच्या भुशातच बसला. दादाचं यकृत निकामी झालं होतं. वहिनी स्वतः रुग्णालयात परिचारिका, तेव्हा शंका कसली घ्यायची? आयुष्यभर ज्यानं थेंबाला तोंड लावलं नाही तो अंथरुणात, आणि रोज बाटली रिचवणारा धडधाकट. गेल्या वर्षी पिऊन त्यानं दादाच्या घरी धिंगाणा घातला होता. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते.

सुताराला मधला मुक्काम ठाऊकच नव्हता. प्यायला बसला की बाटली उपडी करायचा, सोडली की तीन दिवस पाण्यावर काढायचा आणि चौथ्या दिवशी गुत्त्यात सापडायचा. बायको याच पायी माहेरी गेली ती परत आली नाही. आता तो मापाने पिऊ लागला, मापाने जेवू लागला. सकाळी तळ्याला एक फेरी मारायची, मग काम. सोळाव्या दिवशी त्यानं उरलेली दारू मोरीत ओतली आणि दोन्ही हात काखेत दाबून तिथंच उभा राहिला.

दुसऱ्या महिन्यात एका गिऱ्हाईकानं नव्या दरवाजांच्या खुशीत त्याच्यापुढे पेला ठेवला. सुतारानं तो परत सरकवला. मग म्हणाला, "माझ्या पोटात दुसऱ्याची वस्तू आहे. खराब करून चालणार नाही." गिऱ्हाईक हसलं. सुतार हसला नाही.

वहिनींचा फोन रोज संध्याकाळी सातला ठरलेला.

"दादाशी बोलू द्या ना."

"संसर्गाच्या भीतीनं वेगळ्या खोलीत ठेवलंय, भाऊजी. आम्हालाही काचेतूनच बघावं लागतं."

"माझं नाव काढतो?"

"रोज विचारतात, आज घेतली का म्हणून."

सुतार डोळे पुसायचा आणि दिवा लावायला उठायचा.

पुढेपुढे तर भूकच लागेना. पोटात मुद्दाम जागा ठेवावी लागत नव्हती. सवय अंगात मुरली, असं त्याला वाटलं. पट्ट्याला दोन नवी भोकं पडली. दुपारी करवत चालवताना मधेच बसावं लागायचं, पण दारू सुटताना अंग थकतंच, असं त्यानं ऐकलं होतं.

चार महिने भरले. वहिनी म्हणाल्या, "एवढी घाई नको. अजून महिनाभर जाऊ द्या."

दादाकडे महिना कुठून असणार? सुतार त्यांना न सांगताच आपल्या गावच्या मोठ्या रुग्णालयात गेला. रक्त दिलं, यंत्राखाली झोपला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं.

"तुम्हाला कुणालाही यकृत देता येणार नाही."

"पण मी थेंबही घेतलेला नाही. साडेतीन महिने झाले."

"दिसतंय ते. पण यकृतात गाठी आहेत, आणि त्या फुप्फुसापर्यंत गेल्यात. आता नवीन यकृत बसवूनही उपयोग नाही. सोबत कुणी आलंय का?"

"म्हणजे दादाला कोण देणार?" सुतारानं विचारलं.

डॉक्टरांनी त्याला पाणी दिलं. ते पुढे बरंच काही सांगत होते. सुताराला मात्र एवढंच कळलं, की काचेमागं पडलेल्या भावाला आपण पुन्हा एकदा तोंडघशी पाडलं. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती. रिपोर्टचा लिफाफा घेऊन त्यानं दुपारची गाडी पकडली.

तीन तास तो वाक्यं जुळवत होता. 'वहिनी, मला माफ करा' याच्या पुढे एकही वाक्य जाईना. दादाच्या घराच्या पायऱ्या चढताना तो दोनदा थांबला. घंटा वाजवली आणि मान खाली घालून उभा राहिला.

दार दादानं उघडलं. गाल गुबगुबीत, हातात अर्धवट खाल्लेलं सफरचंद. त्यानं भावाला आपादमस्तक न्याहाळलं, कडकडून मिठी मारली आणि आत वळून हाक दिली, "अगं, बघ कसा सडपातळ झालाय. म्हटलं नव्हतं मी, हा स्वतःसाठी कधीच सोडायचा नाही?"