तसलं काही नाही

निम्म्या हूझुम गावाला पोहायला शिकवलेल्या हाइल्केबाई हल्ली नातवंडांची नावंही विसरू लागल्या, म्हणून लेक वीब्के त्यांना डॉक्टरकडे घेऊन आली. वृद्धाश्रमात तिने जागाही पाहून ठेवली होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लघवी सुटते म्हणून काही गोळ्या घेता का? त्यांनीही असं विसरायला होतं कधी कधी. बदलल्या तर फरक पडतो."

"छे हो! आमच्या आईला तसलं काही नाही," वीब्के हसली.

हाइल्केबाईंचे कान तापले. मान खाली घालून त्या म्हणाल्या, "वयच झालं माझं, दुसरं काय! वृद्धाश्रमात कधी जायचं, तेवढं सांग."

परगावच्या डॉक्टरकडून गुपचूप आणलेली, सकाळीच न्हाणीघराला कडी लावून घेतलेली गोळी मात्र त्यांना लख्ख आठवत होती.