हातवाऱ्यांसकट

"टेक मेडिसिन, अरबीत सांग," स्क्रीनवरची अरब मेट्रन म्हणाली आणि नोकरीच्या मुलाखतीला बसलेल्या नर्स समिधाची बोबडीच वळली.

औषध घ्या, ताप बघा, रजा टाका, इंग्रजीत सगळ्याला एकच 'टेक'. अरबीत मात्र दर वेळी वेगळं क्रियापद! म्हणून रत्नागिरीच्या क्लासात शमशाद मॅडमनी प्रत्येक शब्द अभिनयासकट घोटवून घेतला होता.

समिधा उठली. तोंडाशी चमचा नेल्यासारखं केलं, शब्द आला. पुढच्या 'टेक टेम्परेचर'ला कपाळाला हात लावला, तोही आला.

"शाब्बास! आता टेक लीव्ह?"

समिधाने शब्द ठणकावला, क्लासातल्या सवयीने पर्स उचलली आणि सरळ दाराबाहेर पडली. जिन्यात भान आलं. जीभ चावत परतली.

मेट्रन हसून हसून डोळे पुसत होती. "रजा मंजूर. पण बाई, आधी कामावर रुजू तर हो!"