गुंगीतला निरोप

"बांताय कोण आहे यांची?" नर्सनं पडदा सारून विचारलं.

पेशंटच्या उशाशी बसणारं घरचं माणूस म्हणजे बांताय. नेरिसा उठली. तिच्याशिवाय दुसरं होतंच कोण!

"पोटात नळी घालून बघितलं, घाबरण्यासारखं काही नाही. गुंगीचं औषध दिलंय. बोलतील, उत्तरंही देतील, पण शुद्धीवर आल्यावर त्यातलं काही आठवायचं नाही. मनावर घेऊ नका."

आई अर्धवट डोळे उघडून पडली होती. नेरिसानं चादर सारखी केली, तसं आईनं तिचं मनगट धरलं, नाकाशी नेलं आणि तोंडभर हसली.

"ग्लेंडा! आलीस गं माझी बाय?"

नेरिसाच्या मस्तकात तिडीक गेली. निघताना ते मेलं लोशन हाताला चोपडलं, तिथंच चुकलं. थोरली बहीण ग्लेंडा कुवेतहून दर नाताळला खोकं भरून पाठवायची. साबण, लोशन, चॉकलेटं. खोकं उघडलं की आई आधी आत नाक खुपसणार, 'माझ्या ग्लेंडाचा वास' म्हणणार, वर शेजारणींनाही हुंगायला लावणार. आणि इथं रोज आईची पाठ चोळणाऱ्या नेरिसाला कसला वास? पेजेचा!

जाऊ दे, थोडेच दिवस उरलेत. या नाताळला ग्लेंडा कायमची घरी येणार होती. ती आली की नेरिसा सुटली. तिकडे सेबू शहरात रोडेल तिच्याशी लग्न करायला थांबला होता.

"हो, आलेय," ती दात खाऊन म्हणाली. लाडकीसाठी काय काय साठवून ठेवलंय, ते तरी कळू दे.

आईनं आवाज खाली आणला. "इतक्यात कशाला आलीस? जा परत. नाताळलाही येऊ नकोस."

"का?"

"तू आलीस की धाकटी जाईल त्या पोराकडे. तुझ्यावाचून राहायची सवय झालीय गं मला. तिच्यावाचून नाही जमायचं." आईनं तिचा हात गच्च दाबला. "तिला सांगू नकोस हं. शेफारेल."

या एका वाक्यासाठी नेरिसा जन्मभर तरसली होती. आणि आईनं ते सांगितलं कुणाला? ग्लेंडाला! म्हणजे हेसुद्धा तिच्याच पदरात!

"नानाय," तिनं आईला हलवलं. "मी नेरिसा. मला सांग ना. परत म्हण."

आई घोरत होती.

दुपारी ती उठून बसली, पेजेचा एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "गारढोण आहे ही. लक्ष कुठं असतं गं तुझं? ग्लेंडाचा फोन आला?"

"मघाशी मला काय म्हणालीस, आठवतं?"

"मी कधी बोलले? झोपले होते की मी."

तेवढ्यात फोन वाजलाच. पडद्यावर ग्लेंडाचा चेहरा आला. "कशीय नानाय? आजच तिकीट काढतेय मी. माझी आठवण काढली का गं तिनं?"

"ग्लेंडा आहे? दे, दे इकडे!" आईचा चेहरा उजळला, दोन्ही हात पुढे आले. नेरिसानं ते हात पाहिले आणि फोन घेऊन खिडकीशी गेली.

"काढली ना, मानांग," ती थोरल्या बहिणीला म्हणाली. "गुंगीत तुझंच नाव घेत होती." इथंच थांबावं असं तिला वाटून गेलं. "नाताळला येऊ नकोस म्हणाली. तुझ्यावाचून राहायची सवय झालीय म्हणे."

पलीकडे ग्लेंडाचं तोंड एवढंसं झालं. "नानाय असं म्हणाली? खरंच?"

"देवाशपथ."

"दे तिला फोन. मी विचारते."

"विचारून काय उपयोग? तिला काही आठवत नाही," नेरिसा म्हणाली. तिनं फोन बंद करून खिशात टाकला आणि पेज गरम करून आणायला वाडगा उचलला.