तिरका काप

जडावकामासाठी मोर आखलेली शिसवाची फळी फणसाच्या फळीवर ठेवून हेमांगीने दोन्ही एकदम यंत्राच्या उभ्या करवतीभोवती फिरवल्या. यंत्राचं टेबल कललेलं असल्याने काप तिरका जाई, त्यामुळे कापलेला शिसवाचा मोर खालच्या फळीतल्या भोकात घट्ट बसायला हवा होता. तो पुन्हा आरपार पडला.

"टेबल उजवीकडे कललंय, फळीही उजवीकडेच फिरव म्हटलं ना!" सासरे खेकसले.

"हात आपोआप डावीकडे वळतो, बाबा." पाटीवर, पंगतीत, प्रसाद घेताना 'उजवा हात' हेच ऐकत आलेली डावखुरी हेमांगी उठायला लागली.

सासऱ्यांनी टेबलाखालचा स्क्रू सैल केला, वर्षानुवर्षं उजवीकडे कललेलं टेबल डावीकडे झुकवलं आणि स्क्रू पुन्हा आवळला. "आता फिरव तुझ्या हाताने."

मोर भोकात घट्ट बसला. हेमांगीने हसत टेबल पूर्ववत करायला हात घातला.

"राहू दे तसंच."

"मग तुम्ही कसं कापणार?"

"तू शिकवशील की," म्हणत त्यांनी शेजारी स्टूल ओढलं.